एकवीस अक्षरांचा फॉन्ट

नणंद-भावजयीचं नातं विळ्या-भोपळ्याचं, हे कुणीही सांगेल. पण या घरातल्या दोघींचं भांडण कधी स्वयंपाकावरून झालं नाही, की कपाटाच्या किल्ल्यांवरून. त्या भांडायच्या अक्षरांवरून. भावजय संग्रहालयात पाट्या करायची. म्हणजे काचेच्या पेटीशेजारी जी माहिती लावलेली असते ती जुळवायची, छापून घ्यायची आणि भिंतीवर सरळ लागली की नाही ते बघायची. नणंद त्याच संग्रहालयाच्या चित्रशाळेत उभं आयुष्य काढून निवृत्त झालेली. दगडांवरचे, खापरांवरचे, मुद्रांवरचे जुने लेख कागदावर रेघ न् रेघ उतरवून घ्यायचं तिचं काम. लग्न केलं नाही, भावाच्या घरी उत्तरेच्या खिडकीची खोली घेतली, आणि तिथे बसून भावजयीच्या पाट्यांवर पाळत ठेवली.

वयाने मोठी असूनही नणंद हिला ‘वहिनी’च म्हणायची आणि वर अगं-तुगं करायची. त्यामुळे ही सगळ्यांचीच वहिनी झाली, ऑफिसातसुद्धा. आणि वहिनी तिला ‘वन्सं’ म्हणायची, तेही पुरत्या अदबीने, विशेषतः रागात असली म्हणजे. आपणही त्यांना तसंच म्हणू.

वहिनी पाट्यांची प्रूफं घरी आणायची. वन्सं भिंग घेऊन बसायच्या.

“वहिनी, ही पाटी कुणी जुळवली?”

“मी, वन्सं.”

“तरीच.”

झालं! पुढचा अर्धा तास या दोन अक्षरांत हवा कोंडलीय, ती ओळ पोटात घेतलीय, हा स्वल्पविराम लोंबतोय. वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात जाऊन निमूटपणे सगळं दुरुस्त करायची, कारण म्हातारीचं म्हणणं दहातल्या नऊ वेळा बरोबर असायचं. दहाव्या वेळी चुकायचं, त्यावर वहिनी महिनाभर जगायची.

अशात संग्रहालयात नवीन दालन निघायचं ठरलं. प्राचीन हिब्रू लेखांचं. दालनाच्या प्रमुखांनी वहिनीला बोलावलं आणि काय काय हवं ते एका दमात सांगितलं. प्रत्येक दगडाशेजारी तीच ओळ स्वच्छ अक्षरांत हवी, म्हणजे बघणारा दगडावरचं अक्षर आणि पाटीवरचं अक्षर ताडून बघेल. दाराशी सगळ्या बावीस अक्षरांचा मोठा तक्ता हवा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक उठावाचा तक्ता, बोटं फिरवून वाचायला. आणि दोन पडद्यांवर हेच सगळं.

“फॉन्ट तुम्ही निवडा,” प्रमुख म्हणाले. “पण लायसन्स चोख पाहिजे. मागच्या वेळेसारखं नको.”

मागच्या वेळी कुणीतरी कुठूनसा उतरवून घेतलेला फॉन्ट भिंतीवर गेला होता आणि त्याचा मालक दारात उभा राहिला होता. तेव्हापासून संग्रहालयात कायदा बघणारे गृहस्थ प्रत्येक कागदाचं कलम न् कलम तपासायचे. लोक त्यांना कलमवालेच म्हणत.

हिब्रूच्या नंतरच्या काळातल्या चौकोनी अक्षरांचं काम सोपं होतं. ती अक्षरं अजून वापरात आहेत, त्यांत पुस्तकं निघतात, फॉन्ट विकत मिळतात. वहिनीने एक निवडला, रीतसर लायसन्स घेतलं, मोकळी झाली. गाडं अडलं ते त्याआधीच्या अक्षरांपाशी. ती तिरकी, शेपटाळ, कुठे शिंगं फुटल्यासारखी. त्यांचे फॉन्ट मोजकेच. एक दिसायला झकास, पण करणाऱ्याने अक्षरं इंग्रजी बटणांवर बसवलेली. फॉन्ट आहे तोवर लेख, फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता इंग्रजी कचरा. दुसऱ्यावर लिहिलेलं, फक्त खाजगी वापरासाठी. वहिनीने त्या माणसाला मेल केली, परत केली, पुन्हा केली, तो ढिम्म. तिसरा फॉन्ट खुल्या लायसन्सचा. कुणीही वापरा, बदला, वाटा, कुणाला विचारू नका. बावीसच्या बावीस अक्षरं त्यात होती आणि चुकीची नव्हती. पण सगळी कंपासने काढल्यासारखी गुळगुळीत. छिन्नी मारणाऱ्याचा हात ओळीच्या शेवटी दमतो, खापरावर लिहिणारा घाईत असतो, त्याचा मागमूस त्यांत नव्हता.

आणि चौथा फॉन्ट वन्संचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

वन्संनी तो निवृत्तीनंतर केला होता. संग्रहालयातल्याच दगडांवरून, आपल्याच जुन्या रेखाटनांवरून, एकेक अक्षर पुन्हा पुन्हा घोटून. त्यात अक्षरं होती एकवीस. बावीसमधलं एक नव्हतं, ज्याची खूण अशी की बाहेर गोल आणि आत फुली. संग्रहालयाच्या एकाही दगडावर ते नव्हतं, म्हणून फॉन्टमध्येही नव्हतं. तिथे मोकळी चौकट. दुसरीकडच्या दगडांवर ते आहे, पुस्तकांत त्याची चित्रं आहेत, हे वन्संना काय ठाऊक नव्हतं? पण चित्र म्हणजे दुसऱ्याने पाहिलेलं. जे आपल्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते आपल्या हाताने काढायचं नाही, हा त्यांचा बाणा. दगडावरची रेघच जणू.

गंमत म्हणजे त्या भाषेत ‘चांगलं’ या अर्थाचा शब्द नेमका त्याच अक्षराने सुरू होतो. म्हणजे वन्संच्या फॉन्टमध्ये ‘चांगलं’ लिहिताच यायचं नाही. वहिनीचा नवरा म्हणायचा, “त्यात नवल काय? ताईच्या तोंडूनही तो शब्द मी कधी ऐकला नाही.” म्हणायचा, पण ताई शेजारच्या खोलीत असल्याची खात्री करून, हळू आवाजात.

फॉन्टचं लायसन्सही वन्संनीच लिहिलेलं. वहिनीने ते कलमवाल्यांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं: “वापरायचा असेल तर मला विचारा. विचारलंत तर मी बहुधा हो म्हणेन. अक्षरांना हात लावायचा नाही. जे अक्षर नाही ते तुम्ही घालायचं नाही.” मग त्यांनी वर बघितलं. “बहुधा? वहिनी, हे लायसन्स आहे की सोयरिकीचा निरोप?”

“वन्सं तशाच आहेत.”

“असतील हो. पण मला कायमचा हक्क हवा, भिंतीवर, पडद्यावर, पुस्तकात, सगळीकडे. आणि गरजेनुसार बदल करायचा हक्क. ते बाविसावं कुणीतरी घालावंच लागेल ना? त्यांची सही आणा, मी लगेच मान्य करतो.”

बदल करायचा हक्क! मागे एका भेटवस्तूवाल्याने वन्संच्या अक्षरांचे कप छापले होते, तेही आरशात दिसावीत तशी उलटी. त्यावर वन्संनी फॉन्टला असं कुलूप घातलं की तो कुठल्याही फाइलमध्ये जोडून छपाईला पाठवताच यायचा नाही. कुलूप उघडायचा परवलीचा शब्द त्यांच्याकडे, आणि फार तर भावाकडे. त्यांना जाऊन सांगायचं की तुमच्या अक्षरांत आम्ही फेरफार करू, सही करा? त्यापेक्षा वाघाच्या तोंडात हात घातलेला बरा.

“अगं, विचारून तर बघ,” नवरा म्हणाला.

“तुमची बहीण. तुम्हीच विचारा.”

“मी? मला नको त्या अक्षरांच्या भानगडीत.”

वहिनीने मनातल्या मनात वन्संना विचारलं. मनातल्या वन्संनी नाही म्हटलं, वर चार शब्द सुनावले, वहिनीनेही उलट सुनावले, जेवणं अबोल्यात झाली. इतकं सगळं मनातच उरकल्यावर प्रत्यक्षात विचारायचं राहूनच गेलं.

आणि वन्सं? आपण होऊन ‘माझा घे’ म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण जेवताना विषय मात्र त्याच काढायच्या.

“काय गं, दालनाचं कुठवर आलं?”

“चाललंय, वन्सं.”

“अक्षरं कुठली घेतलीस?”

“बघतेय अजून.”

“बघ बघ.” मग जेवण झालं तरी त्या उगीच टेबलाशी बसून राहायच्या. वहिनी भांडी उचलायची, टेबल पुसायची, पुसलेलं पुन्हा पुसायची आणि दिवा मालवायला हात पुढे करायची, तेव्हा कुठे उठायच्या.

एक मात्र झालं होतं. वन्संचं प्रूफांवर तोंडसुख घेणं कमी झालं होतं. वहिनी प्रूफ पुढे ठेवायची, वन्सं भिंग फिरवायच्या, मान कधी या अंगाला कधी त्या अंगाला कलती करायच्या, मग कागद परत द्यायच्या. “ठेव.” बस, एवढंच. वहिनीला हायसं वाटायचं. वय झालं, धार गेली, असं ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा. वन्सं दिव्यांवर चिडायच्या, “मेले दिवे तरी कसले बनवतात हल्ली!” एकदा चहा कपाच्या बाहेर ओतला आणि कपालाच नावं ठेवली. वहिनीने टेबल पुसलं, कप बदलला. माणूस पुढ्यात बसलेलं असतं, आपण त्याचा स्वभाव तेवढा बघतो. आजार दिसत नाही.

उन्हाळ्यात दुसऱ्या संग्रहालयाकडून दालनासाठी एक पेटी उसनी आली. आत कापसात ठेवलेली खापरं. वहिनी पाट्यांची मापं घ्यायला कोठीत गेली, तेव्हा प्रमुख एका खापरावर वाकले होते. “या, या, वहिनी. हे बघा.” बोटाएवढ्या लांबीचं, विटकरी रंगाचं खापर. त्यावर काळ्या शाईत कुणीतरी कशाची तरी पोच लिहिलेली. आणि मधोमध बाहेर गोल, आत फुली.

वहिनीच्या मनात पहिला विचार आला तो वन्संचाच. हे त्यांना दाखवायला हवं. आजच, आत्ताच. रिक्षा करून त्यांना आणायचं, कोठीत खुर्ची टाकून द्यायची, भिंग हातात द्यायचं. त्यांना आत सोडायला कुणी ना म्हटलं नसतं. कोठीतली निम्मी माणसं त्यांनीच ओरडून ओरडून शिकवलेली. बाविसावं अक्षर त्या स्वतः काढतील, मग फेरफाराच्या कलमाचा प्रश्नच उरणार नाही. सगळं सुतासारखं सरळ होईल.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं वहिनीच्या मनात. वन्सं एकदा कोठीत बसल्या की ते अक्षर एका दिवसात होणार नव्हतं. शंभर वेळा काढतील, नव्व्याण्णव फाडतील. छपाईची तारीख डोक्यावर. आणि खरं सांगायचं तर तारीख हे निमित्त होतं. आज कोठीत आलेल्या वन्सं उद्या वहिनीच्या टेबलाशी येतील, परवा भिंतीशी. चार माणसांत म्हणतील, “हे कुणी जुळवलं? तरीच.” हे दालन वहिनीला एकदा, एकदाच, स्वतःचं म्हणून करायचं होतं. एवढी एक हौस. ती काही फार मोठी चूक नव्हती, आणि म्हणूनच ती इतक्या सहज घडली.

‘एकदा उद्घाटन होऊ दे,’ तिने स्वतःला समजावलं, ‘मग सावकाश दाखवू. खापर काय पळून जातंय?’

खापर पळून गेलं नाही, हे खरंच. वहिनीने खुल्या लायसन्सचा फॉन्ट निवडला, कलमवाल्यांनी खूश होऊन मान डोलावली, आणि फाइली छपाईला गेल्या. घरी वन्संनी पुन्हा विचारलं, “ठरली का गं अक्षरं?” वहिनी म्हणाली, “ठरली एकदाची. आता भिंतीवरच बघा.” ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं ती हसून बोलली. वन्संही हसल्या. त्या हसण्याचा अर्थ वहिनीने लावायला हवा होता.

उद्घाटनाला वन्सं ठेवणीतले कपडे घालून आल्या. भावाचा हात धरून आल्या, हे वहिनीला जरा नवल वाटलं. एरवी कुणी हात पुढे केला तर त्या झिडकारायच्या. दालनात गर्दी होती. वन्सं दाराशीच थांबल्या, मोठ्या तक्त्यासमोर. पांढऱ्या भिंतीवर हातभर उंचीची काळी अक्षरं. वन्संनी मान कलती केली. वहिनीने दात आवळून वाट बघितली. आता ऐकायचं ते ऐकून घेऊ, म्हणाली मनाशी.

“बरी दिसतात गं,” वन्सं म्हणाल्या.

वहिनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“एवढी मोठी करून लावलेली मी कधी पाहिली नव्हती माझी अक्षरं. भरून आलं बघ मला.” त्यांनी वहिनीचा दंड धरला. “विचारलं नाहीस ते असू दे. घरच्या माणसाला काय विचारायचं! आणि तो परवलीचा शब्द? हा बोलला असेल तुला. याच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

वहिनीचा नवरा जमिनीकडे बघू लागला. कुठली अक्षरं लागलीत ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि आता सगळं कळलं. वहिनीने पुन्हा भिंतीकडे बघितलं. माझी अक्षरं? भिंतीवर एवढाली अक्षरं, त्यांतलं एकही यांचं नाही, आणि ज्या बाईला केसाएवढी रेघ हलली तर समजायचं तिला ते दिसत नाही?

“हो, वन्सं,” ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं, दुसरं काय!

वन्सं खुलल्या. चित्रशाळेतली दोन जुनी माणसं भेटली, त्यांना म्हणाल्या, “अरे, बघितलंत का? भिंतीवर मी आहे.” कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. वहिनीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. वन्सं तशाच पुढे सरकल्या, भिंतीला हात लावत लावत, आणि तो हात उठावाच्या तक्त्यावर पडला.

वहिनी धावली, पण उशीर झाला होता. वन्संची बोटं उजवीकडून, जशी ती लिपी वाचतात तशी, निघाली होती. पहिल्या अक्षरावर ती नुसती फिरली, दुसऱ्यावर रेंगाळली, तिसऱ्यावर थांबली. मग बोटं पुन्हा पहिल्यावर आली आणि आता सावकाश, कडा चाचपत, वळणावळणाने निघाली. चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त त्यात आता कुणी नव्हतं.

“हे माझं नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “हेही नाही.” बोटं पुढे गेली. गोलावर आली, आतल्या फुलीवर आली. “आणि हे तर माझ्याकडे नव्हतंच.”

“वन्सं...”

“थांब. भिंतीवरची पण हीच का?”

वहिनीने मान हलवली. मग लक्षात आलं की नुसती मान हलवून चालणार नाही. “हो. हीच.”

वन्संनी तक्त्यावरचा हात काढून घेतला आणि कपड्याला पुसला. वहिनीला राहवेना. “वन्सं, पण ते अक्षर सापडलंय! खरं सांगते. खापरावर, शाईतलं. इथेच आहे. चला, दाखवते.” तिने त्यांना जवळजवळ ओढतच मधल्या पेटीपाशी नेलं. काचेखाली ते विटकरी खापर, वर लहानसा दिवा. “हे बघा. इथे, मधोमध.”

वन्सं वाकल्या. नाक काचेला लागेपर्यंत वाकल्या. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, एक डोळा मिटला, मग दुसरा.

“मधोमधचंच दिसत नाही गं मला,” त्या म्हणाल्या. “कडेकडेचं दिसतं. खापराची कड दिसतेय. तुझा हात दिसतोय. नेमकं जिथे बघावं तिथे काळा ठिपका.”

“कधीपासून? आम्हाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू प्रूफं दाखवायची बंद केली असतीस.”

वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिला लाज वाटली की रडतेय ती आणि आंधळी होतेय दुसरीच. नवरा मागे येऊन उभा राहिला होता. वन्सं सरळ झाल्या, काचेवर हात टेकून.

“हे आलं कधी इथे?”

खोटं बोलायची ताकद आता वहिनीत नव्हती. “उन्हाळ्यात. छपाईच्या आधी.”

“उन्हाळ्यात.” वन्संनी मनाशी हिशेब केला असावा. “तेव्हा मला दिसत होतं गं. अक्षरं सुटायची मधनंमधनं, पण भिंगाखाली दिसत होतं.”

एवढंच. आवाज चढला नाही, आजूबाजूच्या कुणाला काही कळलंही नाही. “चल रे, घरी जाऊ,” त्या भावाला म्हणाल्या, आणि आल्या तशाच त्याचा हात धरून गेल्या.

पुढे डॉक्टर झाले, थेंब झाले, सुया झाल्या. डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखायचं, असं डॉक्टर म्हणाले. बैल गेला आणि झोपा केला. वहिनी रजा काढून वन्संबरोबर जायची, रांगेत उभी राहायची, औषधाची वेळ कधी चुकवायची नाही. वन्सं तिच्याशी नीट बोलायच्या. फार नीट. “घेते हं.” “ठेव तिथे.” “तुला उशीर होईल, तू जा.” एकदाही ‘तरीच’ नाही.

वहिनीने प्रमुखांशी भांडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. दालनाच्या पाट्या वर्ष संपता बदलायच्या होत्या. त्या वेळी वन्संचा फॉन्ट लावायचा. कलमवाल्यांचा कागद घेऊन ती उत्तरेच्या खिडकीच्या खोलीत गेली. सकाळचा स्वच्छ उजेड होता, वन्सं खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर.

“वन्सं, तुमची अक्षरं मला भिंतीवर लावायची आहेत. लावू?”

“लाव की.”

“बहुधा नाही ना?” वहिनीने हसवायचा प्रयत्न केला.

“नाही, लाव.”

“आधी हे लायसन्स वाचून दाखवते. यात काही गोष्टी तुम्हाला पटणार नाहीत.”

“नको वाचूस. कुठे करायची सही ते दाखव.”

वहिनीने तरी वाचलंच. कायमचा हक्क. सगळीकडे वापरायचा हक्क. आणि गरजेनुसार बदल करायचा हक्क. तिथे ती मुद्दाम थांबली. वन्संनी हात पुढे केला. वहिनीने त्यांच्या बोटांत पेन दिलं, बोट ओळीवर ठेवलं. सही ओळ सोडून खाली घसरत गेली. मग वन्संनी परवलीचा शब्दही सांगून टाकला, न विचारता.

“आणि बाविसावं, वन्सं? ती जागा मोकळीच ठेवू. तुमचा नियम आहे.”

“तू पाहिलंस ना ते? मग तू काढ.”

वहिनीने काढलं. रोज दुपारी दालनात जाऊन त्या खापरासमोर बसली. इतके दिवस ते अक्षर येता-जाता बघितलं होतं, आणि आता कळलं की आपण ते बघितलंच नव्हतं. गोल आधी की फुली आधी? गोल एका झटक्यात आहे की दोन अर्ध्यांचा? शाई कुठे दाटलीय, कुठे ओढली गेलीय? हे ज्यांना विचारायचं त्या घरी बसलेल्या. कागदामागून कागद गेले. शेवटी एक जरा बरं जमलंसं वाटलं. पण एकवीस अक्षरांच्या शेजारी ठेवलं की ते परक्याच्या घरी जेवायला आल्यासारखं अवघडून बसायचं. काहीतरी चुकत होतं, आणि काय चुकतंय ते तिला सांगता येत नव्हतं.

ते हातभर मोठं करून, जाड कागदावर छापून ती वन्संकडे घेऊन गेली. खिडकीशी धरलं. वन्संनी मान कलती करून बघितलं, कड बघितली, कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या.

“असू दे नाही, वन्सं. नीट बघा ना. फुली वाकडी बसलीय का? गोल फार मोठा झालाय का? काहीतरी चुकलंय, मला कळतंय चुकलंय. तुम्ही बोला ना काहीतरी. रागवा. भांडा माझ्याशी!”

वन्संनी चाचपडत तिचा हात शोधला आणि थोपटला.

“भांडले असते गं,” त्या म्हणाल्या. “पण भांडायचं तर आधी दिसायला हवं ना.”